ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर

सकाळपासून भरलेल्या प्रश्नावल्यांवर उज्ज्वलाने तिरप्या रेघा ओढायला सुरुवात केली.

"या अल्ला! रद्द काहून करून राह्यली?" अस्मा दचकली.

आर्णीची अस्मा आणि या बंजारा तांड्याची उज्ज्वला मानसशास्त्राच्या एकाच वर्गातल्या. बायांच्या मनावरचा ताण मोजायचं काम दोघींकडे होतं. ताण दिसला तर तांड्यात समुपदेशक येणार. नाही दिसला तर कोणी ढुंकूनही पाहणार नव्हतं.

"सगळ्याजनी म्हंतात झोप चांगली, भूक चांगली, मन खुश. खरं वाटते तुले?"

उज्ज्वलाने ओट्याकडे पाहिलं. तिथे तिचा बाप, तांड्याचा नाईक खेमसिंग, मिशीवर हात फिरवत बसला होता. बाहेरचं काम आलं की नाईकाच्या दारात बसायचं, ही तांड्याची रीत. तीच पाळून तिने अंगणात सतरंजी टाकली होती. बाया आल्या, नाईकाला पाहून घुंगट हनुवटीपर्यंत ओढला आणि सगळं छान म्हणून अंगणातच कडेला बसून राहिल्या. चूक त्यांची नव्हती. जागा निवडतानाच उज्ज्वलाने उत्तरं ठरवून टाकली होती.

मागच्या हंगामात रामीबाई विहिरीत सापडली, तेव्हाही याच ओट्यावरून ठरलं होतं, पाय घसरला. त्या वर्षांत कापसाच्या कर्जापायी पुरुषाने जीव दिला की सरकारी जीपा यायच्या, फोटो निघायचे. बाई गेली की पाय घसरायचा.

उज्ज्वला उठली.

"बा, तुमी उठा अथून."

"माह्याच घरातून मले उठवतं?"

"हो. तुमच्यासमोर कोनी खरं बोलत नाही."

"मी काय वाघ हाय? कोनाले खाल्लं आजवर?"

"नाही खाल्लं. पन बसता ना समोर."

खेमसिंगचा चेहरा लाल झाला. पायात वहाणा सरकवून तो तरातरा कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. एका घुंगटाआडून फिस्सकन हसू फुटलं.

"आता एकेकजन घरात या, दार लावून बोला," उज्ज्वला म्हणाली.

पहिली उठली जमनाबाई. तिची आई.

"चाल, विचार काय विचारतं ते."

उज्ज्वलाने पेन घट्ट धरलं. आईच्या मनातलं ऐकायला ती लहानपणापासून आसुसली होती. मग तिने पेन अस्माच्या हातात ठेवलं.

"मी नाही, याडी. माह्यासमोर तू आई होऊन बोलशीन. हिले सांग."

"आन् तू?"

"मी बाच्या बाजूले उभी राह्यतो."

दार लागलं. कडुनिंबाखाली बापलेक उभे राहिले. आतून जमनाबाईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. इतका वेळ तिला कोणी बोलू दिल्याचं उज्ज्वलाला आठवेना. तिला हसू आवरेना.

"काय सांगत असन ते?" खेमसिंगने हळूच विचारलं.

"मले कळनार नाही. तुमालेबी नाही."

तेवढ्यात खेमसिंगचा धाकटा भाऊ धनसिंग शेतातून आला आणि हाका मारत दाराकडे निघाला.

"वयनी! च्या मांडा ना वं!"

खेमसिंगने लगबगीने पुढे होऊन त्याचा दंड धरला.

"मांगं फिर," तो कुजबुजला. "ते बोलून राह्यली."