दुसरी साक्ष

बसा तांडेल. रेवदंड्याहून होडी हाकत एवढं लांब आलात, तर बुधाजीच्या खडकाची गोष्ट ऐकूनच जा. च्या होईपर्यंत संपते, आणि आमच्याकडं च्या काय लवकर होत न्हाय.

तर बुधाजी थळच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलात मागच्या खांबाआड बसला होता आणि हातातल्या सुतळीला गाठीवर गाठ मारत होता. पुढं त्याची नात प्राप्ती उभी. भिंतीवर पांढरी चादर, चादरीवर रेवस-मांडव्यापासून थळपर्यंतचा आपला सगळा दर्या, आणि त्यात गोवर उठावा तसे लाल ठिपके. एकेक ठिपका म्हणजे पाण्याखालचा एकेक खडक.

त्यातला एक ठिपका बुधाजीनं लावलेला. आणि तो खडक न्हवताच.

आदल्या वर्षी पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या, तेव्हा प्राप्तीनं ही खडकवही काढली. वही कसली, फोनातलं सॉफ्टवेअर. कुठं खडक हाय, कुठं जाळं अडकतं, ते ज्याचं त्यानं फोनात बोलून सांगायचं. होडी त्या बाजूला गेली की फोन ओरडतो, "खडक!" त्याला कंपनी न्हाय, मालक न्हाय. खर्चाला म्हणून दर होडीनं म्हयन्याला एक पाटी मासळी द्यायची, गावच्या पालखीला देतो तशी. आणि वही आतून उघडी. ज्याला कळतं त्यानं आत बघावं, चुकलं असंल तिथं नीट करावं, शेजाऱ्याचं फाटकं जाळं आपण शिवतो तसं. रेवसच्या फकरुद्दीनचा नातू हारिस कतारला नोकरीला हाय. त्यानं तिकडं बसून फोनाला आपली बोली शिकवली. त्याआधी भांगाची भरती, म्हणजे अष्टमीची कमी पाण्याची, म्हटलं की फोन केसाचे कंगवे दाखवायचा.

अकरा होड्यांनी सुरुवात झाली. दिवाळीला साठ झाल्या, शिमग्याला शंभरावर गेल्या. दत्तजयंतीच्या धुक्यात दिपेशची होडी खांदेरी बेटाजवळ खऱ्या खडकावर चढत होती, फोन ओरडला म्हणून वाचली. त्या दिवशी त्याच्या आयेनं, सगुणानं, मीठमिरच्या घेऊन प्राप्तीची दृष्ट काढली. बुधाजी तेव्हा गावभर छाती काढून फिरला.

पण तांडेल, दर्यावर पोट असलेला माणूस आपली जागा कधी कुणाला सांगतो काय? बायकोला सांगत न्हाय!

बुधाजीची पण जागा होती. खांदेरीचा दिवा आणि कारखान्याचं धुराडं एका रेषेत आलं की जाळं टाकायचं. खाली गुळगुळीत रेती, वर रावस. सगळ्या होड्यांत वही आली, आणि जिथं ठिपका न्हाय तिथं साफ रेती, हे कुणालाही कळायला लागलं. आज ना उद्या कुणीतरी तिकडं वळणार. मग एक दिवस तो हळूच फोनात बोलला, "हितं मोठा खडक हाय. जालं फाटतं."

आता नेम असा, की एका होडीच्या सांगण्यावर ठिपका लाल होत न्हाय. दुसऱ्या होडीची साक्ष लागते. बुधाजीला वाटलं, राहील तसाच पडून. तर आठ दिवसांत ठिपका लालभडक!

म्हणजे कुणीतरी साक्ष दिली. न्हवत्या खडकाची! नाव आत लिहिलेलं असतं, पण बुधाजीला वाचता येत न्हाय, आणि विचारायचं कुणाला? नातीला? तेव्हापासून त्याला तेच खात होतं. शेवटी शेवटी तर गडी आपल्याच जागेवर जाळं जपून टाकायला लागला. न जाणो, असलाच खडक तर?

हॉलात प्राप्ती बोलली, "मांडव्याच्या मितेशनं खोली मोजायचं यंत्र होडीला लावून सगलीकडं फिरवलं. वहीत त्रेसष्ट खडक हायत. त्यातल्या चालीस जाग्यांवर निस्ती रेती लागली."

भरल्या हॉलातले तांडेल आपापल्या चपला बघत बसले.

"मी कोनाची नावं वाचनार न्हाय," ती म्हणाली. "ज्यानं लावला त्यानं उठून काढायचा. लावताना दोन साक्षी, तशाच काढताना दोन. न्हायतर वही आज बंद. खऱ्या खडकाला फोन वरडला तरी कोन वलनार? दिपेशदादा पुढच्या खेपेला म्हनंल, असंल कोनाचा तरी रावस."

एवढं म्हणून तिनं ओठ चावला. ल्हानपणी वल्हं हातातून निसटलं की ती असाच ओठ चावायची, पण रडायची न्हाय. बुधाजीनं सुतळी खिशात घातली आणि खांबाला धरून उठला.

"प्राप्ते, दिवा आनि धुराडं एका रेघंत. तो खडक मी लावला. थितं काय न्हाय."

प्राप्तीनं त्याच्याकडं बघितलं न्हाय. तिचं बोट आधीच त्या ठिपक्यावर होतं.

"दुसरी साक्ष?" ती म्हणाली.

आता इथं खरी गोम बघा. खडक न्हाय हे कोण सांगणार? ज्यानं तिथं जाळं टाकलं तोच!

पुढच्या रांगेतून फकरुद्दीन उठला. बुधाजीचा ल्हानपणापासूनचा दोस्त. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"न्हाय खडक. साफ रेती हाय."

"तुला रं काय म्हाईत, फकऱ्या?"

"मला न्हाय तर कोनाला? तू पुनवेच्या उधानाला जातोस, मी अष्टमीच्या भांगाला. तेरा वर्सं झाली, बुध्या. कधी तुझ्या वाटेत आलो काय?"

"आनि लावताना ती साक्ष..."

"मीच दिली. येवढी जागा तू येकटा राखनार व्हतास?"

सगळा हॉल फुटला हसून. मग बाबाजी उठला, हरेश्वर उठला. एकजण खडक काढायचा, दुसरा साक्ष द्यायचा, की पहिल्यानं लगेच त्याच्यावर डोळे वटारायचे. चादरीवर तेवीस ठिपके उरले. वही चालू राहिली.

त्या साली नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या, तर बुधाजीच्या जागेवर सतरा होड्यांची जत्रा. रावस एकालाही न्हाय. बुधाजी आणि फकरुद्दीन जरा लांब, होडीला होडी बांधून, एकाच किटलीतला च्या पीत तमाशा बघत होते.

घ्या, आपला पण आला. आता तांडेल, माझं एक ऐका. वही यंदा रेवदंड्यापर्यंत पोचली. तुमच्या किल्ल्यासमोर एक ठिपका लाल दिसतो, तुमच्या नावचा. मितेशचं यंत्र तिकडं यायच्या आत तेवढा काढून टाका. दुसऱ्या साक्षीची काळजी करू नका. ती मी देतो.