विकतचा बार, घरचा बार

चांगला बार वाजला की मी म्हनायची, हा विकतचा. फुसका वाजला की म्हनायची, हा माझा. कितीतरी वरसं मी अशी कान लावून बसले, आनि मला कोनी येड्यात काढलं न्हाई, कारन विचारायलाच कोन न्हवतं.

मी सोजराबाई. मोशीच्या माळाला, नदीच्या अंगाला आमचं भुईमुगाचं रान. बाभळवनात डुकरं इतकी की राखन केली न्हाई तर एक शेंग हाताला लागायची न्हाई. म्हनून मालकांकडं परवान्याची रायफल व्हती. इंग्रज जायला निघाले तवा तळेगावच्या बंगल्यातल्या एका सायबानं सामान विकायला काढलं. त्यातली ही जुनी एकनळी. तिच्यासंगं काडतुसं भरायची हत्यारंबी आली.

कंपनीचं एक काडतूस घ्या, तेवढ्या पैक्यात घरी चार भरून व्हत्यात. दारू आनि ती पेटवनाऱ्या टोप्या तळेगावहून कादरभाईच्या बंदुकीच्या दुकानातनं यायच्या, गोळी आमी शिसं साच्यात वतून करायचो, आनि पितळेची नळी तीच तीच परत भरायची. पन स्वस्त म्हंजे कसंबी न्हवं. नळीच्या तोंडाला केसाएवढी चीर दिसली की ती बाद. टोपीला घामाचं बोट लागू द्यायचं न्हाई. दारू दर खेपेला सारखी पायजे, न्हाईतर एक गोळी लांब जाती आनि दुसरी पायाशी पडती. मालकांचे हात कुऱ्हाडीचे, त्येंना हे जमायचं न्हाई. मग सोनाराचा काटा आनि गुंजांची डबी घेऊन मी ओटीवर बसायची, गुंजांच्या वजनानं दारू तोलायची, आनि मालक समोर नळ्या पुसत बसायचे.

लाज कसली सांगायला, तेवढाच आमचा संसार. पोरबाळ न्हाई. एरवी मालक मूग गिळून गप. काडतुसं भरताना मातर दोन शब्द बोलायचे. "ही घे." "दारू जरा वलसर वाटती." मला तेवढ्यावर आठवडा निघायचा.

एका साली गुंजांची डबी चुलीत कलंडली. मालकांनी मरीआईच्या कुपावरच्या येलाच्या मूठभर गुंजा आनल्या. त्या वरसाला पाऊस रुसलेला, दाने बारीक. मी म्हनलं, "या हलक्या दिसत्यात. चाकनच्या सोनाराकडनं ताडून आना."

"गुंज ती गुंज," मालक म्हनले. "देवानं सगळ्या सारख्याच केल्यात."

मग मी तशीच भरली. काटा बरूबर व्हता, पन वजनच हलकं, त्यामुळं दारू कमी पडली. गोळी डुकराच्या कातड्यात जेमतेम शिरली. ते उलटलं आनि मालकांची मांडी फाडून गेलं. पुन्याच्या दवाखान्यातनं परत आले ते लंगडतच.

ओटीवर गाव गोळा झालं. बाईच्या हातचं काडतूस, दुसरं काय व्हनार, असं ज्येनं त्येनं म्हनून घेतलं. माझी सासू मंजुळाबाई तर सगळ्यांम्होरं बोलली, "स्वस्तातलं ते स्वस्तातलंच." माझं लगीन बिनहुंड्याचं. टोमना काडतुसाला न्हवता, हे शेंबड्या पोरालाबी कळलं असतं. मी मालकांच्या तोंडाकडं बघत राहिले. "गुंजा मी आनल्या," एवढंच म्हनले असते तर मी जन्मभर त्येंचे पाय चेपले असते. पन न्हाई बोलले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हनत्यात ते हेच.

वर आनि काय, बरं वाटल्यावर तळेगावला जाऊन कंपनीच्या काडतुसांचा डबा घेऊन आले. सासूला दाखवला, ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं आनि किल्ली करदोड्याला बांधली. मी समजायचं ते समजले.

पन मीबी हट्टाची. स्वतः चाकनला गेले, सोनाराच्या म्होरं बसून एक-एक गुंज काट्यावर ताडून घेतली. काडतुसं भरत राहिले. मालकबी मुकाट घेऊन जायचे. कोनती झाडायचे, देव जाने. मोकळ्या नळ्यांवरनं पत्ता लागंल म्हनावं, तर अर्ध्या रानात हरवायच्या आनि कादरभाईकडनं दुसऱ्यांच्या वापरलेल्या यायच्या.

एकदा धीर करून विचारलं, "तुमी माझी घालता का विकतची?"

"डुक्कर मरतंय न्हवं?" म्हनले आनि गेले.

तवापासनं मी कान लावायला लागले. दिवस मावळताना मालक राखनीच्या माळ्यावर जायचे, मी भाकरी थापायची. बार खनखनीत आला की म्हनायची, विकतचा. दमट, फुसका आला की हात थांबायचा. म्हनायची, आज माझं घातलं वाटतं. सासू मेली, तरी ह्यो ख्योळ सुटला न्हाई. एकदा बिबट्या गोठ्यात शिरला. मालक दारात, त्यो दोन हातांवर. असा बार झाला की गोठ्यावरचं पत्रं हादरलं, आनि बिबट्या जागच्या जागी. मी मनात म्हनलं, विकतचाच ह्यो. जिवाची येळ आल्यावर मानूस पैक्याकडं बघतो व्हय?

श्रावनात मालक तापानं गेले. परवाना त्येंच्या नावावर, म्हनून रायफल दुकानात जमा करायची आसं ठरलं. कादरभाई सायकलवरनं आला. मालकांचा जुना दोस्त, गोऱ्या सायबाच्या बंगल्यातनं रायफल घेतली तवापासनंचा. पानी प्याला, रायफल पुसली, आनि म्हनाला, "वहिनी, काडतुसंही द्यावी लागतील. ट्रंकेची किल्ली?"

किल्ली माझ्याकडंच व्हती. करदोड्याची सोडली ती तशीच पदराला बांधली व्हती. ट्रंक मी उघडली न्हवती. भ्या वाटायचं. डबा रिकामा निघाला म्हंजे झालंच, माझ्या हाताचा भरवसा त्येंना कधीच न्हवता.

कादरभाईनं झाकन उघडलं. माझी भरलेली एका बाजूला फडक्यात. तळाला कंपनीचा डबा. त्येनं तो उलटासुलटा करून बघितला आनि हसला.

"हा तर फोडलाच नाही. माझ्या दुकानाची चिकटपट्टी तशीच आहे."

"ह्यो दुसरा आसंल," मी म्हनलं.

"दुसरा कुठला? परवान्यावर चढवल्याशिवाय मी एक काडतूस देत नाही. त्यानं जन्मात हा एकच घेतला."

"मंग घेतला कशाला?"

"आईच्या तोंडाला कुलूप म्हणून." कादरभाई ट्रंकेच्या काठावर टेकला. "मी म्हटलं, हिंदुराव, घेतलास तर वापर की. तर म्हणाला, गुंजांचा घोळ माझा होता. तिचा हात काट्यासारखा आहे, कंपनीला काय जमतंय तसं. त्या बिबट्याच्या वेळी तर अख्खा दिवस दुकानात बसून तुमचंच कौतुक सांगत होता."

मी विचारलं, "कादरभाई, मला का न्हाई सांगितलं?"

त्येचा चेहराच उतरला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. घरची गोष्ट. बाहेर एवढा बोलतो तो घरी बोलत नसेल, असं कोणाच्या मनात येईल?"

तळेगावला तोंड उघडायचं आनि मोशीला मूग गिळायचे. माझा राग गेला न्हाई. उलट जास्तच आला, आनि ज्येच्यावर काढायचा तो मानूस राहिला न्हाई. दोन कोसाला पुरंल एवढं कौतुक त्येनं लोकाच्या दुकानात सांडलं. त्यातला चिमूटभर माझ्या ओटीवर टाकला असता तर काय बिघडत व्हतं?

कादरभाई रायफल सायकलच्या दांडीला बांधून गेला. डबा घेऊन गेला, माझी काडतुसंबी घेऊन गेला. काटा आनि गुंजा मी दिल्या न्हाईत.

सांजचं ओटीवर बसले आनि एक-एक बार आठवायला लागले. पहिल्या सुगीचा, गोठ्यावरचं पत्रं हादरवनारा, परवाच्या आखाडातला शेवटचा. एखाददुसरा फुसका सोडला तर खनखनीत, एकसारखे. ते सगळे माझे व्हते. मी ऐकत व्हते आनि दुसऱ्याच्या नावावर लावत व्हते.

मग भाकरी थापायला उठले, तर खाली भुईमुगात डुकरं शिरली. त्येंचं घुरघुरनं इथपत्तूर ऐकू यायला लागलं. सवयीनं मी तव्यावरचा हात थांबवला आनि कान दिला. बार काय झाला न्हाई.