अहमदी ते जहरा, अकरा खुणांची वाट

१९६० सालच्या फेब्रुवारीत, कुवेतमध्ये, अहमदीच्या बाहेर वाळवंटात, मी एका पहाटेत सातशे वर्षांची जुनी विहीर बांधली. विहिरीला पाणी होतं, पाणी गोड होतं, आणि दुपार व्हायच्या आत चाळीस शेळ्या ते पिऊन गेल्या. पटत नसेल तर कोकणात, आमच्या केळशीला जाऊन अब्बास परकारला विचारा. आधी तो शिव्या देईल, मग सांगेल.

मी तेव्हा अहमदीला एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर होतो. गटाराचे पाइप, पिंपं, दोर, खिळे, सगळं माझ्या ताब्यात. वरचा साहेब इटलीचा, मोरेत्ती नावाचा. माणूस चांगला, पण सायकलवेडा. स्वतःची सायकल त्याने बोटीतून खोक्यात घालून आणली होती. टायर इतके बारीक की मला वाटलं, चाकं मागच्या बोटीने येणार असतील.

या साहेबाकडे माझं एक काम अडलं होतं. माझी बायको शरीफा केळशीला होती. तिला कुवेतला आणायचं तर कागदावर साहेबाची सही हवी, आणि कंपनीचं दोन खोल्यांचं घर मिळायचं तेही त्याच सहीवर. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातले एकत्र काढलेले दिवस पंचाऐंशी. शरीफाचं शेवटचं पत्र मला पाठ होतं. ‘घर मिळतंय मिळतंय म्हणून तीन वर्षं लिहिताय. त्या घराला पाय फुटलेत काय? ईदच्या आत कागद आला नाही तर मी माहेरी जाते. मग न्यायला तुम्हीच या, आणि माझ्या भावांशी तुम्हीच बोला.’ तिला भाऊ पाच. पाचही गलबतावरचे.

त्यात साहेब शनिवारी पहाटे तीन महिन्यांच्या सुटीवर निघणार होता. त्याच्या जागी येणारा साहेब बायकापोरांच्या कागदांना हात लावत नसे. बायको आली की स्टोअरकीपर वेळेवर घरी जायला लागतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सही याच आठवड्यात, नाहीतर पाच मेव्हणे.

सोमवारी मी कागद घेऊन आत गेलो. साहेबाने तो टेबलावर ठेवला आणि भलतंच काढलं.

“कासम, आमच्याकडे सुटीच्या दिवशी सकाळी सायकल काढायची आणि एका जुन्या गावातून दुसऱ्या जुन्या गावात जायचं. लुक्का, पिस्तोया, प्रातो. वाटाड्या नको, सोबत नको. हँडलला एक कागद बांधायचा. बाराव्या किलोमीटरला डावीकडे वळा, पुढे जुना पूल, पुलापलीकडे खानावळ, तिथलं सूप चांगलं. कागद सांगेल तसं जायचं. अशी वाट इथे आहे?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. पण ज्याच्या टेबलावर आपली बायको पडली आहे त्याला नाही कसं म्हणायचं?

“आहे की साहेब! अहमदी ते जहरा. मी स्वतः पाच वेळा गेलोय.”

“सायकलवर?”

“जाताना सायकलवर. येतानाही दोनदा.”

वास्तविक मी सायकलवर फहाहीलच्या मासळीबाजारापलीकडे कधी गेलो नव्हतो. जहराला गेलो होतो ते लॉरीत, पाइपांवर झोपून.

साहेब खूश झाला. “मग लिहून दे. शुक्रवारी जातो. आलो की तुझी सही.”

मी अकरा खुणा लिहिल्या. पहिल्या दोन खऱ्या, कारण त्या आमच्या फाटकातून दिसत होत्या. शहराची जुनी भिंत तीन वर्षांपूर्वी पाडली होती, पण दरवाजे उभे होते, तेही खरे. शेवटी जहराचा तांबड्या मातीचा किल्ला. मधे मात्र पासष्ट किलोमीटर नुसती वाळू, आणि नुसत्या वाळूवर कोण सही करतो? म्हणून नवव्या किलोमीटरला सातशे वर्षांची गोड्या पाण्याची विहीर घातली. शहर ओलांडल्यावर चाळिसाव्या किलोमीटरला एका म्हाताऱ्या नाखव्याची चहाची टपरी घातली. तो सायकलवाल्यांना फुकट चहा देतो आणि जुन्या दर्यावर्दीपणाचा इतिहास सांगतो. एक पीरही घालणार होतो, पण खोटा पीर उभा करायला हात धजेना. अल्लाच्या घरी स्टोअरचं रजिस्टर चालत नाही.

त्या रात्री जेवताना मी हे माझ्याच खोलीत राहणाऱ्या अब्बासला वाचून दाखवलं. अब्बास मेसमध्ये स्वयंपाकी होता.

“झकास,” तो म्हणाला. “आनि विहीर खणनार कोन? तुजा बाप?”

मी खरंच तेवढा विचार केला नव्हता. मला वाटलं होतं, साहेब तीन-चार किलोमीटर जाईल, दमेल, परत येईल. पण गुरुवारी साहेबाने माझा कागद मेणकापडात शिवून हँडलला बांधला तेव्हा माझं पाणी पाणी झालं.

शुक्रवारी अजानच्या आधी आम्ही पिकअप काढली. गाडी चालवायला म्हसळ्याचा बदरुद्दीन, मागे मी, अब्बास, चार फूट व्यासाचा गटाराचा नवाकोरा पाइप आणि पिण्याच्या पाण्याने भरलेलं एक पिंप. नवव्या किलोमीटरला आम्ही पाइप उभा केला, अर्धा वाळूत गाडला, आत पिंप ठेवलं आणि झाकण काढलं. वरून चिखल, उकळलेली चहापत्ती आणि मेसमधलं करपलेलं तेल चोपडलं. दोर बांधला, बादली सोडली. बदरुद्दीनने लांब जाऊन पाहिलं.

“कितीची वाटते?” मी ओरडलो.

“तीनशे-साडेतीनशे वर्षांची!”

अजून दोन मुठी चहापत्ती लावली.

चाळिसाव्या किलोमीटरला चार बांबू, एक ताडपत्री, स्टोव्ह आणि अब्बास असं सगळं उतरवलं. अब्बासच्या डोक्याला रुमाल आणि काळं कडं बांधलं, तर तो नाखवा कमी आणि बाळंतीण जास्त दिसायला लागला.

“मना अरबी येत नाय,” तो म्हणाला.

“साहेबाला तरी कुठे येतं? आपली बोल. जोरात बोल, थांबून थांबून बोल, मधेच समुद्राकडे बोट दाखव.”

पिकअप एका वाळूच्या ढिगाऱ्यामागे लावून आम्ही वाट बघत बसलो. साहेब नऊला यायचा हिशेब होता. साडेदहा वाजले तेव्हा सायकल दिसली. साहेब गुडघ्यापर्यंत ओला होता आणि त्याच्या पाठीवर शेळीचे केस चिकटले होते. तो उतरला, अब्बाससमोर बसला आणि वहीपेन्सिल काढली.

अब्बासने चहा दिला, घसा खाकरला आणि इतिहास सुरू केला. “कासम, आयकतोस ना रं? तू मेलास आनि मना पन मारलास! माजा जुम्मा चुकवलास! साहेबा, हा मानूस नाय, हा थापांचा गोदाम हाय! बाणकोट! हर्णै! दाभोळ! जयगड! या चार बंदरांत याच्यासारखा लबाड गावायचा नाय!” आणि त्याने समुद्राकडे बोट दाखवलं.

साहेबाने चारही बंदरं लिहून घेतली. तीन कप चहा प्याला, छातीवर हात ठेवून त्याच्या भाषेत आभार मानले आणि निघाला. विहिरीबद्दल चकार शब्द नाही.

आम्ही आडवाटेने जहराला पुढे गेलो. किल्ल्याच्या सावलीत पिकअप लावली. ‘जहराला पिकअप घेऊन थांब, तिथेच सही करतो’ असं म्हणून साहेबाने शरीफाचा कागद गुरुवारीच माझ्याकडे दिला होता, तो मी खिशातून काढून बॉनेटवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर पाना ठेवला. साडेबाराला साहेब आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली, मेणकापडातून खुणांचा कागद काढला आणि शरीफाच्या कागदाशेजारी ठेवला. तिसऱ्या खुणेसमोर त्याने लिहिलं होतं: ‘पिंप नंबर ४१.’

“मी पोचलो तेव्हा तिथे एक भटकी बदू म्हातारी चाळीस शेळ्या पाजत होती,” साहेब म्हणाला. “ती रडत होती, कासम. हातवारे करून सांगत होती, तिच्या बापाच्या काळापासून तिथे पाणी नाही. मी तिला दीड तास पाणी ओढून दिलं. मग बादली तळाला लागली. मी आत उतरून पाहिलं.”

मी बॉनेटवरचा पाना उगाच सरळ केला.

“गटाराचा पाइप माझ्याच कामावरचा आहे ना?”

“जी.”

“या अकरांतल्या तू स्वतः किती पाहिल्यास?”

बदरुद्दीन टायर तपासायला खाली वाकला तो वर येईचना. कागद पान्याखाली फडफडत होता. चारेक उत्तरं तोंडाशी आली आणि चारही चांगली होती. पण शेळ्या पाजणारा माणूस समोर उभा असताना ती काही बाहेर पडेनात.

“दोन, साहेब. आणि दरवाजे नि हा किल्ला, लॉरीतून. एक डोळा उघडा होता.”

साहेबाने शरीफाचा कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

“मी पिकअपमधून जातो. तू सायकलवर ये. वाटेत जे दिसेल तेच लिही. एक ओळ जास्त नको, एक ओळ कमी नको. मी सामान बांधत असेन. कागद आण, पाहू.”

ती सायकल साहेबाच्या मापाची होती. खोगिरावर बसलो की पाय लोंबायचे आणि पाय टेकले की बसता यायचं नाही. पहिल्या कोसात तीनदा पडलो. ते लिहिलं. वाटेत अब्बास ताडपत्री गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे बघून स्टोव्हची पिन फेकून मारली. तेही लिहिलं. मग समोरून एक लॉरी आली आणि लॉरीवर गलबत होतं.

गलबत म्हणजे गलबत. साठ फुटांचं, लाकडी, डोलकाठीसकट. लॉरी इतकी हळू चालली होती की मी उतरून ड्रायव्हरला विचारलं. जहराच्या एका शेतकऱ्याने जुनं गलबत विकत घेतलं होतं. फळ्या काढून छपराला घालणार होता. पण खलाशांना ते सोडवेना, म्हणून ते वरच बसले होते. चौघं काठावर पाय सोडून, आणि एक म्हातारा सुकाणूवर. रस्त्याला वळण आलं की तो सुकाणू फिरवायचा. खाली वाळू, वर हा. मी हात वर केला, त्याने सुकाणू न सोडता मान हलवली. आमच्या केळशीच्या माणसाला अशी गोष्ट बघून पुढे जाववत नाही. मी ते ढिगाऱ्याआड जाईपर्यंत उभा राहिलो. मग नीट लिहिलं. किती फूट, किती माणसं, म्हातारा कुठे.

विहिरीपाशी शेळ्यांच्या लेंड्या आणि रिकामं पिंप. लिहिलं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर साहेबाच्या बंगल्यावर पोचलो. चालता येत नव्हतं, उभा राहिलो. साहेबाने ट्रंकेवर बसून लाल पेन्सिलीने एकेक ओळ वाचली. पडलो, खूण. पिन, हसला, खूण. दरवाजा, खूण. मग पेन्सिल थांबली.

“वाळवंटात गलबत?”

“होय साहेब.”

“चालतं?”

“लॉरीवर, साहेब.”

“आणि सुकाणूवर माणूस.”

मी तोंड उघडलं. त्या म्हाताऱ्याची दाढीसुद्धा मला दिसत होती. बदरुद्दीनला पाठवून जहराहून लॉरीवाल्याला उभा केला असता, पण साहेबाची गाडी पहाटे चारला निघणार होती. साहेबाने दुसऱ्या हाताने खिशातून शरीफाचा कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवला. पेनही काढलं, त्याचं टोपण मात्र काढलं नाही.

“कासम, शेवटचं विचारतो. हे तू पाहिलंस?”

मी त्या टोपणाकडे पाहिलं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “ते माझं मी घातलं. सवय.”

“मला वाटलंच,” साहेब म्हणाला. त्याने गलबतावर लाल रेघ ओढली, म्हातारा, चार खलाशी, सगळ्यांवर. मग टोपण काढलं आणि सही केली.

शरीफा एप्रिलमध्ये आली.