नकाशातली पांढरी वस्ती

आत्या चौतीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाली तरी कोणी शिंकलं की तिचा हात आधी त्याच्या कपाळावर जायचा. त्यामुळे एका दुपारी भाचीने लॅपटॉप उघडून "आत्या, बघ तरी," म्हटल्यावर ती चष्मा पुसून सरसावून बसली.

भाची आरोग्य खात्यात नकाशे करायची. आठ महिने डोळे फोडून तिने हा नकाशा तयार केला होता. खालची पट्टी सरकवली की आठवडे पुढे जायचे आणि गोवराचे लाल ठिपके एका वस्तीतून दुसरीत पसरत जायचे. ठिपक्यावर बोट ठेवलं की किती मुलं आजारी तेही कळायचं. उद्या तो मोठ्या साहेबांना दाखवायचा होता.

आत्याने पट्टी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली.

"ही खाणीजवळची वस्ती पांढरी कशी गं?"

"तिथे एकही रुग्ण नाही."

"तिन्ही बाजूंना गोवर, आणि इथे त्याला रस्ता सापडेना की काय? फोन लाव बघू तिथल्या दवाखान्यात."

फोन शिपायाने उचलला. तिथली नर्स सहा आठवड्यांपूर्वी बदलून गेली होती, जागी कोणीच आलं नव्हतं. आकडे कळवणार कोण? आणि भाचीच्या प्रोग्रॅमने रिकामा रकाना सरळ शून्य धरला होता.

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. आता ही रडणार, असं आत्याला वाटलं. पण पोरगी बाह्या सरसावून कामाला लागली. जिथून आकडाच आला नाही, तिथे तिने करडा रंग भरला. असे अकरा डाग निघाले.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या आग्रहाने आत्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसली होती. साहेबांनी नाक मुरडलं. "हे करडे डाग काढता येणार नाहीत का? बरं दिसत नाही."

"नाही सर. पांढरं म्हणजे कोणी आजारी नाही. करडं म्हणजे आपल्याला माहीत नाही. कालपर्यंत मी दोन्ही एकच धरलं होतं. चूक माझी. माझ्या आत्याने दाखवली."

साहेबांनी खाणीजवळच्या डागावर स्वतः बोट ठेवलं आणि फोन उचलला.

त्याच दुपारी पथक गेलं. एकवीस मुलं तापाने फणफणलेली सापडली. सगळी बरी झाली.

आत्याने मग आठवडाभर जुन्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावले. "चारचौघांत स्वतःची चूक कबूल केली हो माझ्या पोरीने!" आणि दर फोनला त्या खोलीतल्या साहेबांची संख्या दोन-दोनने वाढत गेली.