दगडी दाराचा आकडा

“इहीर कितली खोल शे, शेठ?”

“विहीर सत्तर फूट. आत अंधार, पायऱ्या नाहीत,” मी सांगितलं. “उतरायला अठरा लागतील.”

भिकन हसला. “सत्तर फुटले अठरा? तुम्ही कधी इहिरमा उतरनात नही, म्हनीसन.”

माझी बायको मंजू खुदकन हसली, धनसिंग मास्तरांनीही मान डोलावली. मला ते झोंबलं.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. मुंबईच्या मेहुण्याने वीस बाजूंचा फासा आणि एक पातळ इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. चोपड्यातलं माझं पंपांचं दुकान रविवारी बंद असे, तेव्हा आम्ही चौघे दुपारी मागच्या खोलीत तो खेळ मांडायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले गडी व्हायचं. कुणी काही अवघड करू म्हटलं की सांगणाऱ्याने आकडा ठरवायचा. सोपं असेल तर पाच, बेताचं असेल तर दहा, कठीण असेल तर पंधराच्या वर. फाशावर तेवढं किंवा जास्त पडलं, की जमलं. आकडा मी ठरवायचो. पुस्तक माझं, मेहुणाही माझा, मग दुसरं कोण ठरवणार!

भिकन अकरा वर्षं माझ्याकडे पंपदुरुस्तीला होता. तालुक्यातल्या निम्म्या विहिरी त्याने आतून पाहिलेल्या. खेळात त्याच्यापुढे काहीही ठेवा, गडी वाट काढायचाच.

“दोर बांधसू,” तो म्हणाला. “भिंतमा खाचा राहतस, पाय ठेवाले.”

“मग आकडा उतरवा, कांतीभाऊ,” मास्तर म्हणाले. “हा माणूस रोज उतरतो.”

पुस्तकातही तेच लिहिलेलं होतं, करणारा कोण ते पाहून आकडा ठरवा. मी उतरवला नाही. भिकनने फासा टाकला. एकोणीस!

विहिरीच्या तळाशी एक दगडी दार होतं. ते मी आदल्या दिवशी दुकानात बसून खास त्याच्यासाठी रचलं होतं. आता लपवून काय करायचं? भिकनला वाचता येत नव्हतं. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. वायसर, वॉल्व्ह तो बोटांनी चाचपून ओळखायचा आणि कुणी चिठ्ठी दिली की म्हणायचा, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याला नव्हताच. मला ते कळून चुकलं होतं, आणि मी गप्प राहतो म्हणून स्वतःला भला माणूस समजत होतो.

“दाराला चिठ्ठी लावलीय,” मी कागद त्याच्या हातात दिला. “तुझ्याच गड्याने वाचायची. इतकं सोपंय की आकडाच नको.”

तो कागदाकडे बघत राहिला. “चष्मा...” म्हणाला आणि थांबला. मग कागद गुडघ्यावर ठेवला. “शेठ, माले वाचता येस नही.”

“अरे, तुझ्या गड्याला येतं की,” मास्तर घाईने म्हणाले. “तो गोष्टीतला माणूस.”

“नही, मास्तर. जे माले येस नही, ते त्याले कसं येई?” तो माझ्याकडे वळला. “आकडा सांगा, शेठ. मनासाठे हाई कितलं कठीन शे?”

अकरा वर्षांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं होतं.

“वीस,” मी म्हणालो.

बरोबर आहे, अशी त्याने मान हलवली आणि फासा टाकला. सात पडले. “नही जमनं.”

“माझी राणी शेजारीच उभी आहे ना,” मंजू म्हणाली; गोष्टीत ती राणी होती. “ती वाचेल.” तिने कागद उचलला.

हे मी धरलंच नव्हतं. भिकन चष्म्याचं निमित्त सांगेल, दार बंदच राहील आणि मी कागद खिशात टाकीन, असा माझा हिशेब होता. म्हणून चिठ्ठीत मी काही रचलंच नव्हतं. दुकानात केळीच्या फवारणीच्या औषधाचा डबा पडला होता, त्यावरचं उतरवून काढलं होतं. ‘मुलांपासून दूर ठेवा. थंड व कोरड्या जागी ठेवावे.’

मंजूने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग जराही न अडखळता मोठ्याने म्हणाली, “उजव्या हाताचा दगड खाली ओढा. दार उघडेल.”

“वढना,” भिकन म्हणाला, दगड ओढल्यासारखा हात खाली आणत. मग त्याने हात पुढे केला. “वहिनी, तो कागद राहू द्या मनापान.”

“कशाला हो, भिकनभाऊ?”

“मनी पोर साळमा जास. आते तिनापाईन शिकसू.” तो लाजून हसला. “पहिलं हाईच वाचसू.”

मंजूने कागद धरूनच ठेवला. ती माझी वाट बघत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, नको, तो कागद मला दे. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. मी फासा उचलून पुसत बसलो. शरमेने मेल्याहून मेलं होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

तिने कागद दिला. भिकनने त्याची नीट चौघडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. मग तो सरसावून बसला.

“हां शेठ, दार उघडनं. पुढे काय शे?”