विकरशॅमसाहेबांचा राजीनामा

विकरशॅमसाहेबांचा आवाज मोठा होता आणि कणा तेवढाच मऊ. वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात मी त्यांची सेक्रेटरी होते, म्हणून दोन्ही मला जवळून ठाऊक.

अठ्ठेचाळीसचा मे महिना. पॅलेस्टाइनमधून इंग्रज निघाले होते आणि तिथे ज्यूंचं राष्ट्र जाहीर होणार होतं. त्याला लगेच मान्यता द्यावी, असं अध्यक्षांच्या माणसांचं मत. त्यांचा डोळा नोव्हेंबरच्या निवडणुकीतल्या ज्यूंच्या मतांवर. मान्यता देऊच नये, असं विकरशॅमसाहेबांचं मत. त्यांचा डोळा अरबांच्या तेलावर.

बुधवारच्या बैठकीत साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "मान्यता दिली, तर त्याच दिवशी मी घरी जाईन! माझ्याबरोबर कोण आहे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त हार्लन ट्यूक्सबरी म्हणाले, "मी आहे. पण मान्यता देऊ नका, असं माझं म्हणणं नाही. तिथल्या ज्यूंचं आणि अरबांचं उद्या काय होणार, ते आधी ठरवा. ते न ठरवता घाई केलीत, तर मी जाईन." ते आठ वर्षं पॅलेस्टाइनमधल्या याफा शहरात आमच्या वकिलातीत होते. तिथल्या दोन्हीकडच्या माणसांची नावं घेऊन बोलणारे आमच्याकडे ते एकटेच.

"हार्लन, तू फार हळवा आहेस बाबा," साहेब हसले. माणसांचा विषय तिथेच संपला.

शुक्रवारी संध्याकाळी व्हाइट हाऊसचा फोन आला. थोड्याच वेळात मान्यता जाहीर होतेय. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आमचेच प्रतिनिधी तेव्हा वेगळीच योजना मांडत उभे होते. त्यांना कुणी कळवलंही नव्हतं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी टाय सारखा केला आणि फोनवर म्हणाले, "उत्तम निर्णय. मीही हेच सुचवणार होतो."

हे ट्यूक्सबरींनी दारात उभं राहून ऐकलं.

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द कसला? तो नुसता दबाव आणायचा डाव होता. पोरकटपणा करू नकोस, पेन्शनला तीन वर्षं राहिलीत तुझी."

सोमवारी ट्यूक्सबरी टेबल रिकामं करून ओहायोला गेले. तिथे एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. माना डोलावणाऱ्यांपैकी एकही जण त्यांना स्टेशनवर सोडायला आला नाही. मी गेले होते. "याफात ज्याच्या घरी मी जेवायचो, त्या सलीमचं पत्र येणं बंद झालंय," एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात नव्या राष्ट्राच्या प्रतिनिधीसाठी मेजवानी झाली. सर्वांत आधी ग्लास उंचावला तो विकरशॅमसाहेबांनी. अध्यक्षांचा माणूस त्यांच्या पाठीवर थाप मारत होता. दोघंही एकमेकांना शोभत होते.

वर्षभरात साहेब राजदूत झाले. "चल माझ्याबरोबर, मोठं घर मिळतंय," ते मला म्हणाले.

आई आजारी आहे, असं मी सांगितलं. आई बाल्टिमोरला ठणठणीत होती.