नदीपल्याडचा दिवा

गारखेड्यातल्या त्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटलं की उमाकाकूंचा उखाणा झाल्याशिवाय कुणी वाण हातात घेत नसे. बाकीच्यांचे उखाणे काय हो, सगळे मोबाइलवरून आलेले! उमाचा मात्र खास घरचा. नवऱ्यानं, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या मधुसूदनरावांनी, लग्नाच्या आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून धाडलेला. खाली लिहिलं होतं, "जगात हा एकच आहे, आणि तो तुझा." एकतीस वर्षं झाली त्याला. उमाला कधी कुणी देखणी म्हटलं नाही की हुशार म्हटलं नाही. माहेरी चार बहिणींत ती नुसती 'तिसरी' होती. पण हा उखाणा होता ना! त्याच्या जोरावर बाई ताठ मानेनं जगली.

एक गोष्ट तेवढी तिला खटकायची. उखाण्यात नदी होती, आणि उमा वाढली औरंगपुऱ्यात, भर बाजारात. "आमच्या दारात नदी कुठं होती हो?" तिनं एकदा विचारलं होतं. "कवीला नदी लागतेच," म्हणून ते हसले होते. तिला तेही केवढं आवडलं होतं!

यंदा बायका गोल करून बसल्या. उमाचा नंबर नेहमीसारखा शेवटी राखलेला. तिच्या आधी तनुजा होती, महिन्यापूर्वी समोरच्या इमारतीत राहायला आलेली, माहेर सोयगावचं.

"घ्या की नाव! लाजायचं वय आहे का आता?" बायका मागंच लागल्या.

तनुजानं पदर सावरला.

"नदीपल्याड दिवा लागला, पाण्यात थरथरली वात,
श्रीरंगरावांचं नाव घेते, हाती देऊन हात."

उमानं झटकन मान वर केली.

"अगंबाई," शेजारची मनस्विनी बोलून गेली, "हा तर उमाकाकूंचा!"

"त्यांचा? छे हो, माझाच आहे," तनुजा हसली. "सोयगावला नदीच्या अलीकडं बँकेतले एकजण भाड्यानं राहायचे, पलीकडं आमचं घर. तिन्हीसांजेला मी दिवा लावला की त्यांना खिडकीतून दिसायचा. त्यांनीच करून दिला. म्हणाले, जगात हा एकच आहे, आणि तो तुझा. नाव तेवढं मी नंतर बदललं."

"आधी कुणाचं होतं गं?" कुणीतरी चिमटा काढला.

"जाऊ द्या, लई जुन्या गोष्टी त्या," म्हणत तनुजा या वयातही लाजली.

मधुसूदनरावांची पहिली नेमणूक सोयगावची, लग्नाच्या दोन वर्षं आधीची. हे त्या खोलीत एकट्या उमाला ठाऊक होतं. सगळ्या तिच्याच तोंडाकडं बघत होत्या.

"अहो, मासिकात छापून आला होता तो," उमा म्हणाली. "मीही तिथूनच उचलला. घरचा म्हणून मिरवत होते इतकी वर्षं!"

"काय काकू, चांगलं फसवलंत आम्हाला!" हशा पिकला. तनुजाचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. ते बघून उमाला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच चीड आली. खोटं बोलून तिनं झाकलं होतं ते नवऱ्याला. स्वतःचं जे काही होतं ते तर तिनं चारचौघींत आपल्याच तोंडानं टाकून दिलं होतं.

घरी मधुसूदनराव शब्दकोडं सोडवत बसले होते.

"काय, आज मैदान मारलंस की नाही?"

"समोर तनुजा म्हणून राहायला आलीय. सोयगावची," उमा चपला काढत म्हणाली. "तिनं उखाणा घेतला. नदीपल्याडचा."

तिला वाटलं होतं, हे दचकतील, चाचरतील, निदान खोटं तरी बोलतील. एखादं बरंसं खोटं बोलले असते तर तिनं तेही धरून ठेवलं असतं. पण त्यांनी हळूच चष्मा काढला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की एकतीस वर्षांत तिनं तो तसा कधी पाहिला नव्हता.

"अजून पाठ आहे तिला?"

उमानं वाणाची पिशवी टेबलावर ठेवली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं.

"मधुसूदन," ती म्हणाली, "कुकरमध्ये भात आहे. वाढून घे."